भागाकाराची बाकी आणि यवतमाळचा नकाशा

नववी-दहावीच्या वर्गात अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि मुलांना ती आवडतेही. १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मतदारसंघांच्या नव्या आखणीच्या कायद्यावर सही केली. आखणी त्यांच्या पक्षाला सोयीची होती. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा निघाला की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्या नकाशाला डोके, पंख आणि नखे जोडून चित्रच छापले. सॅलॅमँडर नावाचा पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी असतो. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून ‘गेरीमँडर’ असा शब्द तयार झाला. (पुढे लोक त्याचा उच्चार ‘जेरीमँडर’ असा करू लागले. गव्हर्नरसाहेबांची बदनामी टिकली, आडनाव मात्र धड राहिले नाही!)

गोष्ट संपली की शिक्षकाच्या तोंडून एक वाक्य ओघानेच येते : आपल्याकडे असे होत नाही, आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग मतदारसंघ आखतो. मीही पुष्कळ वर्षे हे वाक्य म्हणत आलो. मग एका वर्षी आर्णीची एक मुलगी वर्गात होती, यवतमाळला मामाकडे राहून शिकणारी. तिने विचारले, “सर, आमच्या गावाहून यवतमाळ एस.टी.ने तासाभराचा रस्ता. मग आमचा खासदार चंद्रपूरचा कसा?”

“लोकसंख्या समान ठेवावी लागते,” मी म्हणालो. तिने मान हलवली आणि खाली बसली. समाधान झाले नाही ते माझे. तिने कारण विचारले होते आणि मी नियम सांगून मोकळा झालो होतो.

गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या गाळल्या असतील तर आपण पूर्ण गुण देत नाही. परिसीमन आयोगाचा २००८ चा आदेश हीही एक उत्तरपत्रिकाच आहे. २००९ पासून २०२४ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या प्रत्येकी चार निवडणुका तिच्यावर झाल्या. ही उत्तरपत्रिका यवतमाळ जिल्ह्यापुरती तपासून पाहू या.

पंधरा दाणे

आधी एक लहानसा प्रयोग. त्याला खर्च नाही, आणि आपल्या भागात सामान तर घरोघरी आहे. सरकीचे नऊ दाणे घ्या आणि तुरीचे सहा. प्रत्येक दाणा म्हणजे एक मतदार. पाच-पाच दाण्यांचे तीन ढीग करायचे; ढीग म्हणजे मतदारसंघ. ज्या ढिगात जे दाणे जास्त, तो ढीग त्यांचा.

प्रत्येक ढिगात तीन सरकी आणि दोन तुरी ठेवल्या तर तिन्ही जागा सरकीच्या. तुरीला शेकडा चाळीस मते असूनही हाती भोपळा. आता ढीग मोडा. पहिल्या ढिगात तीन तुरी, दोन सरकी, दुसऱ्यातही तसेच, तिसऱ्यात उरलेल्या पाचही सरकी. आता तीनपैकी दोन जागा तुरीच्या! दाणे तेच, ढीग पाच-पाचांचेच, एकाही मतदाराने मत बदललेले नाही. पहिल्या खेपेस तुरीला फोडून पसरले, दुसऱ्या खेपेस सरकीला एका ढिगात कोंबले. फोडणे आणि कोंबणे, एवढ्या दोनच क्रियांवर अमेरिकेतला हा सारा उद्योग चालतो.

या प्रयोगातून जी गोष्ट मुलांना दिसते ती पुष्कळदा मोठ्यांच्या नजरेतून सुटते. ढीग अगदी समान असूनही निकाल हवा तसा लावता येतो. अमेरिकेत हे दोनशे वर्षे चालू आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले की एका राज्यातल्या काँग्रेसच्या मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान हवी. १९८३ मध्ये तर न्यू जर्सी राज्याचा नकाशा एक टक्क्याहूनही कमी फरकासाठी रद्द झाला. तरीही पक्षाच्या सोयीची आखणी थांबली नाही, ती संगणकामुळे आणखी बारीक झाली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की पक्षहितासाठी केलेल्या आखणीचा न्याय करणे हे केंद्रीय न्यायालयांचे काम नव्हे. तिथली जनगणना दहा वर्षांनी होते आणि नकाशे सहसा तिच्यानंतर बदलतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने मध्येच नकाशा बदलला. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा अधिक मिळाव्यात, हा हेतू कोणी फारसा लपवलाही नाही. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांचे मत घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाला सोयीचा नकाशा मंजूर केला.

तेव्हा ‘लोकसंख्या समान ठेवली’ हे न्याय्य आखणीचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. ती पहिली पायरी आहे, आणि आम्ही शिक्षक तिथेच गणित संपवतो.

सात पूर्णांक एकतीस शतांश

आता आपला आयोग. २००२ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. १९५२, १९६३ आणि १९७३ नंतरचा हा चौथा. राज्यांच्या जागांची एकूण संख्या गोठवलेली होती, ती बदलायची नव्हती. राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेप्रमाणे नव्याने आखायच्या होत्या. प्रत्येक राज्यातले काही खासदार आणि आमदार आयोगाबरोबर सहयोगी सदस्य म्हणून बसले, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. अमेरिकेशी तुलना करता हा फरक फार मोठा आहे. तिथे बहुतेक राज्यांत उमेदवाराचा पक्षच स्वतःचे मतदार निवडतो. इथे त्याला तोंड आहे, हात नाही.

वर्गात भागाकार करून पाहा. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. विधानसभेच्या जागा २८८. एका जागेमागे सरासरी ३,३६,३८४ माणसे. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २४,५८,२७१. तिला या सरासरीने भागले की भागाकार सात येतो आणि बाकी उरते १,०३,५८३. दशांशात लिहायचे तर ७.३१. जिल्ह्याला सात जागा मिळाल्या : वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. त्याआधी आठ होत्या. केळापूर जाऊन आर्णी आले, आणि दारव्हा हे मतदारसंघाचे नाव नकाशावरून पुसले गेले. आता दारव्हा, नेर आणि दिग्रस मिळून एक ‘दिग्रस’ आहे.

जिल्ह्यात याविषयी पुष्कळ हळहळ झाली. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या, तेव्हा ती स्वाभाविकही होती. पण उत्तरपत्रिका तपासायला बसले की आपल्या गावचा परीक्षार्थी म्हणून जास्त गुण देता येत नाहीत. २००४ ची निवडणूक १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांत झाली होती. त्या वेळी यवतमाळमध्ये एका आमदारामागे सुमारे ३ लाख ७ हजार माणसे होती. ठाणे जिल्ह्यात ८१ लाखांवर लोकसंख्या आणि जागा तेरा, म्हणजे एका आमदारामागे सव्वासहा लाख. कळवा-मुंब्र्याच्या चाळीत राहणाऱ्या मतदाराच्या मताचे वजन आपल्या निम्मे होते, आणि त्याने त्याबद्दल फारशी तक्रार केल्याचे आपल्या कानावर आले नाही. २००८ मध्ये ठाण्याला चोवीस जागा मिळाल्या. हा अन्याय दूर झाला हे आयोगाचे मोठे काम आहे, आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांत आपण होतो.

मग आक्षेप कशाला? आक्षेप एका बारीक गोष्टीला आहे. आयोगाने स्वतःला सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त इतकी सूट ठेवली होती. यवतमाळला सात जागा दिल्या की एका जागेमागे ३,५१,१८२ माणसे येतात, सरासरीहून ४.४ टक्के जास्त. आठ दिल्या असत्या तर ३,०७,२८४, सरासरीहून ८.७ टक्के कमी. दोन्ही उत्तरे सुटीच्या आत बसतात! म्हणजे ‘गणितानेच सात आले’ असे म्हणता येत नाही. गणिताने दोन दारे उघडी ठेवली होती. आयोगाने जवळचे दार घेतले. दशांश अर्ध्याहून कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर वर न्यायचा, हीच रीत त्याने शेजारी जिल्ह्यांतही वापरलेली दिसते. नांदेडचे ८.५५ आले, त्याचे नऊ झाले. गोंदियाचे ३.५७, त्याचे चार. चंद्रपूरचे ६.१६, त्याचे सहा. रीत सर्वांना सारखी आहे, तेव्हा पक्षपाताचा आरोप टिकत नाही. फक्त ती रीत आहे, निसर्गनियम नाही. विरळ वस्ती आणि मोठे क्षेत्रफळ यांना थोडे झुकते माप द्यायचे, असा निर्णय आयोगाला त्या दहा टक्क्यांत घेता आला असता. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा आहे, आणि एका आमदाराच्या वाट्याला सरासरी १,९४० चौरस किलोमीटर येतात. एवढ्या क्षेत्रात अख्खी मुंबई तीनदा मावून जागा उरते. मुंबईला आमदार ३६ आहेत.

मला स्वतःला इथे झुकते माप द्यावे असे वाटत नाही. माणसे मोजायची, एकर नव्हे. पण हा प्रश्न विचारात घेऊन सोडला की विचारातच घेतला नाही, हे आदेश वाचून कळत नाही.

सहाचा पाढा

आर्णीच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याहून पुढच्या पायरीत आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ जागा. म्हणून सहा विधानसभा मतदारसंघांचा एक लोकसभा मतदारसंघ. विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, लोकसभेचा ओलांडतो. आता विदर्भाचा नकाशा फळ्यावर काढा आणि प्रत्येक जिल्ह्यात जागांचा आकडा लिहा : बुलढाणा ७, अकोला ५, वाशीम ३, अमरावती ८, वर्धा ४, नागपूर १२, भंडारा ३, गोंदिया ४, गडचिरोली ३, चंद्रपूर ६, यवतमाळ ७. बेरीज ६२. सहाने भागले की दहा येतात आणि बाकी दोन. या दोन जागांना विदर्भाबाहेरच सोबत शोधावी लागणार, हे इथेच ठरते.

पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करू. भंडारा आणि गोंदिया मिळून सात. सहांचा एक मतदारसंघ झाला, उरला आमगाव. तो गडचिरोलीत गेला, तिथे तीन होते ते चार झाले. अजून दोन हवेत. ते चंद्रपूरकडून घेतले : चिमूर आणि ब्रह्मपुरी. वास्तविक चंद्रपूर जिल्ह्याचे बरोबर सहा होते. त्याला कोणाकडून काही मागायची गरज नव्हती, पण देता देता त्याच्याकडे चारच उरले. मग त्याने हात पुढे केला तो पश्चिमेला, यवतमाळकडे. वणी आणि आर्णी तिकडे गेले. यवतमाळकडे पाच राहिले. त्यातला उमरखेड पैनगंगेपलीकडच्या हिंगोलीला जोडला गेला, कारण हिंगोलीचे तीन आणि नांदेडचे हदगाव व किनवट हे दोन मिळून पाचच होत होते. यवतमाळकडे चार उरले, आणि ते सहा करण्यासाठी वाशीम व कारंजा आले. वाशीम जिल्ह्याचा रिसोड अकोल्याला गेला आणि अकोल्याचे पाच, सहा झाले. बुलढाण्याचा मलकापूर रावेरला, म्हणजे खानदेशाला मिळाला. विदर्भाची बाकी दोन होती, ती ही : मलकापूर आणि उमरखेड.

वजाबाकीत शेजारच्या घरातून दशक उसना घेतो, तो पुढच्या घरात वळता करतो, तसाच हा हिशेब आहे. आमगावच्या एका जागेचा उसना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत आर्णीपर्यंत येऊन पोचला. मुलांना हे कोडे घालून पाहा. मी घातले तेव्हा एका गटाने वेगळे उत्तर काढले. बुलढाण्याची शिल्लक एक जागा अकोल्याला द्यायची, म्हणजे वाशीम जिल्हा अखंड राहतो आणि त्याला यवतमाळच्या तीन जागा जोडता येतात. पण मग यवतमाळच्या दोन जागा मराठवाड्यात जातात, आणि अकरा जागांच्या जळगावला दुसऱ्या लोकसभा मतदारसंघासाठी सहावी जागा कुठून आणायची हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे वाशीमचे दुःख कमी करायचे तर यवतमाळचे आणि जळगावचे वाढते. आयोगाने निवडलेला मार्ग वाईट नाही, असे माझे मत मुलांच्या त्या फळ्यावरून बनले, आदेशावरून नव्हे. आदेशात कोणत्या मतदारसंघात कोणता तालुका, कोणते महसूल मंडळ, याची यादी आहे. दुसरे कोणते पर्याय होते आणि ते का सोडले, ते नाही. पायऱ्या गाळल्या आहेत म्हणतो ते याच अर्थाने.

जाता जाता एक जुनी गोष्ट. इंग्रजांच्या काळात आपल्या जिल्ह्याचे नाव वणी होते. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा वाशीम जिल्हा मोडला, त्याचा पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. तेव्हा पुसद आणि वाशीम यांना एका लोकसभा मतदारसंघात पाहून ज्यांना नवल वाटले, त्यांच्या पणजोबांना वाटले नसते. जिल्ह्याची हद्दही अशीच कोणीतरी कागदावर ओढलेली रेघ आहे.

आज एका जिल्ह्याला तीन खासदार आहेत. हे तिप्पट बळ की तिसरा हिस्सा, यावर पारावर वाद घालता येईल. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचेच पाहा. तो वर्धा, यवतमाळ-वाशीम, हिंगोली आणि नांदेड अशा चार लोकसभा मतदारसंघांतून जातो. चौघांनी मिळून पाठपुरावा केला तर चौपट जोर. प्रत्येकाने तो दुसऱ्याचा समजला तर कोणाचाच नाही. निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांना याचा आणखी एक अनुभव आहे. २०२४ च्या लोकसभेसाठी वणी आणि आर्णी भागांत १९ एप्रिलला मतदान झाले, कारण ते चंद्रपूरबरोबर होते. उरलेल्या जिल्ह्यात २६ एप्रिलला झाले. एकच जिल्हा, एकच जिल्हाधिकारी कार्यालय आणि मतदानाच्या दोन तारखा.

झरी-जामणी कुठे?

चंद्रपूरला दोन जागा द्यायच्या हे सहाच्या पाढ्याने ठरले. कोणत्या द्यायच्या, हे पाढा सांगत नाही. वणीविषयी शंका नाही. कोळशाच्या खाणी, बाजार, रस्ते, सगळे चंद्रपूरशी जोडलेले. दुसरी जागा आर्णी. या मतदारसंघात पांढरकवडा, घाटंजी आणि आर्णी हे भाग येतात. पांढरकवड्याहून चंद्रपूर समजू शकते. पण मतदारसंघ पश्चिमेला लांबत आर्णीपर्यंत जातो, आणि आर्णी तर यवतमाळच्याही नैर्ऋत्येला आहे. कायद्याने आयोगाला भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय पाहायला सांगितले होते. पहिल्या दोन कसोट्यांना हा मतदारसंघ उतरतो. तिसरीला आणि चौथीला आर्णीच्या एस.टी. स्थानकावर उभे राहून उतरतो का ते पाहावे.

हा आकार असा का झाला? मला वाटते, उत्तर राखीव जागांच्या नियमात असावे. कायद्यात दोन वेगळे नियम आहेत. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून, तिथे त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असेल अशा ठिकाणी द्यायच्या. अनुसूचित जमातींच्या मात्र जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असेल तिथेच. आपल्या जिल्ह्यात उमरखेड पहिल्या नियमाने राखीव झाला, राळेगाव आणि आर्णी दुसऱ्या. आता नकाशावर झरी-जामणी आणि मारेगाव शोधा. कोलाम आणि गोंड वस्तीची गावे, पोड जिथे दाट आहेत असे हे तालुके. ते पांढरकवड्याला लागून आहेत. पण ते आर्णीत नाहीत, राळेगावातही नाहीत. ते आहेत वणीत, आणि वणी सर्वसाधारण जागा आहे.

पंधरा दाण्यांचा प्रयोग आठवा. ज्या समाजाची वस्ती सलग आहे तिचा एक तुकडा वेगळ्या ढिगात पडला, आणि त्या ढिगात तो अल्पसंख्य झाला. हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही; तसे म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. झरी-जामणी काढून घेतल्यावर उरलेल्या वणी-मारेगावची लोकसंख्या कमी पडली असती आणि ती कुठून भरायची हा प्रश्न आला असता, हेही खरे. पण आर्णी बाजूचा भाग यवतमाळ किंवा दिग्रसकडे, आणि झरी-जामणी पांढरकवड्याबरोबर, अशी अदलाबदल तपासून पाहण्याजोगी नक्कीच होती. ती झाली असती तर राखीव मतदारसंघ आटोपशीर झाला असता, चंद्रपूरच्या जवळ सरकला असता, आणि आर्णीच्या मुलीला प्रश्नच पडला नसता. तपासली की नाही? आदेश गप्प आहे.

आयोगाने मसुदा प्रसिद्ध केला होता, जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या, हे मान्य. पण पर्याय न दाखवता हरकत मागणे म्हणजे पायऱ्या न दाखवता ‘चूक असेल तर सांगा’ म्हणण्यासारखे आहे. सामान्य माणूस फार तर ‘आमचे गाव तिकडे नको’ एवढेच म्हणणार. अंतिम आदेशावर न्यायालयात जायची वाटही जवळपास बंद आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढे म्हटले की आदेश उघड मनमानीचा आणि संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तो तपासता येईल. पण कारणेच लिहिलेली नसतील तर मनमानी सिद्ध कशी करायची?

या बाबतीत अमेरिकेकडून घेण्यासारखे एक आहे. कॅलिफोर्नियात नागरिकांच्या आयोगाने नकाशा आखला की तो कोणत्या आधारावर आखला याचा अहवाल नकाशासोबत द्यावाच लागतो. राज्याच्या घटनेतच तसे लिहिले आहे. खेदाची गोष्ट ही की २०२५ मध्ये टेक्सासला उत्तर देताना त्याच राज्याने काँग्रेसच्या जागांपुरता आपल्या आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला. चांगली पद्धत असणे आणि ती अडचणीच्या वेळी पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ‘आपल्याकडे असे होत नाही’ हे वाक्य? ते लोकसभा आणि विधानसभेपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. महापालिकांकडे वळले की ते डळमळते. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एकाचे, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. प्रत्येक वेळी तो निर्णय त्या त्या वेळच्या सरकारने घेतला. मार्च २०२२ मध्ये तर विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. पुढे सरकार बदलले आणि प्रभागातली सदस्यसंख्याही पुन्हा बदलली. ढिगात किती दाणे घालायचे हे ज्याचे दाणे आहेत त्यानेच ठरवायचे, हा प्रकार पाहायला बॉस्टनपर्यंत जायला नको. मी वर्गात आता ते वाक्य म्हणत नाही.

पुढचा भागाकार जवळ आला आहे. २००२ मध्ये केलेल्या घटनादुरुस्तीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जागांची संख्या गोठलेली राहते. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि प्रगणक म्हणून घरोघर जायचे काम नेहमीप्रमाणे शिक्षकांकडे येते. आपण जे आकडे भरू त्यावर पुढचा नकाशा उभा राहील, हे जनगणनेच्या प्रशिक्षणात कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो. १९७१ च्या आकड्यांनी यवतमाळचा वाटा ८.१ येत होता. २००१ च्या आकड्यांनी ७.३१. २०११ च्या आकड्यांनी (जिल्हा २७,७२,३४८, राज्य ११,२३,७४,३३३) तो ७.११ येतो. त्या दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढले, जिल्हा १२.८ टक्क्यांनी. केरळ, तमिळनाडूसारखी राज्ये म्हणतात की आम्ही कुटुंबनियोजन केले त्याची शिक्षा आम्हाला नको. आपल्या जिल्ह्याची गोष्ट थोडी निराळी आहे. इथला तरुण पुण्याला, मुंबईला, नागपूरला कामाला जातो. शिरगणती तो राहतो तिथे होते. शेतीचे प्रश्न, थकलेले आई-वडील आणि बहुधा त्याचे मतही इथे राहते. ही बाकी कोणाच्या खात्यावर मांडायची, याची रीत अजून कोणी बसवलेली नाही.

नव्या आयोगाचा मसुदा निघेल तेव्हा हरकत पाठवायचे मी ठरवले आहे. आर्णीची ती मुलगी आता मतदार झाली असेल, तिनेही पाठवावी. माझ्या पत्रात जागा वाढवून द्या असे काही नसेल. झरी-जामणी आणि आर्णी यांची अदलाबदल तपासली होती का, तपासली असल्यास तिचे आकडे मसुद्याला जोडावेत, एवढेच असेल.